नव्या घरात भिंतीवरचं टेबल बसवताय? आधी भिंतीला ओळखा

नवीन घर ताब्यात आलं की पहिल्या महिन्यात आपण भिंतीत जेवढी भोकं पाडतो तेवढी पुढच्या दहा वर्षांत पाडत नसू. त्यातली बरीचशी फ्रेम, घड्याळ, हुक असल्या गोष्टींची असतात, चुकलं तर पुट्टी भरायची आणि विसरून जायचं. पण पुढे पाय नसलेलं, नुसत्या भिंतीच्या जोरावर उभं राहणारं टेबल म्हणजे वेगळं प्रकरण आहे, कारण त्यावर आपण रोज कोपरं टेकून बसणार, उठताना हात टेकून जोर देणार, कधीतरी बल्ब बदलायला कुणी त्यावर चढणार (चढू नका, पण चढतातच).

माझं पहिलं टेबल अकरा दिवस टिकलं. धाडकन पडलं वगैरे काही नाही, फक्त एका सकाळी टेबलावर ठेवलेली पेन्सिल आपली आपणच माझ्याकडे गडगडत यायला लागली. वाकून बघितलं तर ब्रॅकेटच्या, म्हणजे फळी पेलणाऱ्या लोखंडी कोनाच्या, वरच्या टोकाला लोखंड आणि भिंत यांच्यामध्ये नख जाईल एवढी फट. स्क्रू काढायला घेतला तर पाना लावायचीही गरज पडली नाही, प्लगसकट (स्क्रूला पकड मिळावी म्हणून भोकात ठोकतात ती प्लास्टिकची नळी) हातात आला, आणि प्लगभोवती पांढरं करडं प्लास्टर चिकटलेलं, विटेचा लाल कण औषधालासुद्धा नाही. म्हणजे अकरा दिवस सगळा भार गिलाव्याच्या दीड सेंटिमीटरवर होता. त्यानंतर सगळं शिकून दुसरं टेबल बसवलं, ते अजून आहे त्याच रेषेत आहे. तर जे शिकलो ते क्रमाने लिहितो.

आधी हे गोळा करा

कागद: घराचा इलेक्ट्रिकल आणि प्लंबिंगचा नकाशा, ताबा घेताना मिळालेले वॉरंटीचे कागद (भिंतीत ड्रिलिंग करण्याबद्दल काही अट आहे का ते बघायला), आणि प्लास्टर व्हायच्या आधी कुणी भिंतींचे फोटो काढले असतील तर ते. फोटो सगळ्यात कामाचे, कारण नकाशात पाइप एका जागी असतो आणि भिंतीत दुसऱ्या. घराचं काम अजून चालू असेल तर आजच जाऊन प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, फोटोत मेजर टेप उघडी धरा म्हणजे नंतर अंदाज लागतो.

सामान: हॅमर ड्रिल, काँक्रीट-विटेची बिटं (लाकडाची चालत नाहीत), मेजर टेप, पाणसळ, गुण्या, पेन्सिल, मास्किंग टेप, हातोडी, पाना आणि स्क्रू ड्रायव्हर, भिंतीतली वायर आणि लोखंड ओळखणारा डिटेक्टर, भोकातली धूळ उडवायला हातपंप, गॉगल, मास्क. मास्क खरंच लावा, वीट-काँक्रीटची बारीक धूळ फुप्फुसाला वाईट असते, नुसता रुमाल बांधून भागत नाही. आणि एक माणूस. फळी धरायला दुसरा माणूस लागतोच, एकट्याने करायला जाऊ नका.

१) थांबा, भिंत वाळू द्या

नव्या घरात सगळ्यांना घाई असते पण भिंतीला नसते. सिमेंटचं प्लास्टर वरून कोरडं खडखडीत दिसतं आणि आत ओल धरून असतं. अशा भिंतीला फळी चिकटवून बसवली की मागची कड फुगते, एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) असेल तर बिस्किटासारखी फुलते, आणि रंगाचे पोपडे निघतात ते वेगळंच.

तपासायची सोपी युक्ती: हात दीड हात लांबीरुंदीचा जाड पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर ठेवून चारही बाजूंनी टेपने हवाबंद चिकटवा आणि एक दिवस तसाच ठेवा. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला, बाष्प जमलं असेल किंवा तेवढाच चौकोन गडद दिसत असेल तर अजून काही आठवडे थांबा, खिडक्या उघड्या ठेवा. बाहेरच्या भिंतीला आणि बाथरूमला लागून असलेल्या भिंतीला ही तपासणी केल्याशिवाय पुढे जाऊच नका.

२) भिंत कशाची आहे?

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आणि नेमका हाच सगळे टाळतात. टेबल, ब्रॅकेट, स्क्रू सगळं विकत आणून झाल्यावर भिंतीकडे बघतात. उलटं करा.

आधी बोटाच्या पेराने टकटक करा. भरीव भिंतीचा आवाज बद्द येतो आणि पेर दुखतं, जिप्सम बोर्डची भिंत ढोलकीसारखी वाजते. मग टेबलाच्या फळीमागे झाकलं जाईल अशा जागी ६ मिमीचं एक चाचणीचं भोक पाडा (३ नंबरमध्ये लिहिलेलं बघून मगच) आणि काय बाहेर पडतं ते बघा. भुकटी सगळं सांगते.

आधी करडी भुकटी आणि मग लाल: वरून प्लास्टर आणि आत भाजलेली वीट. हे चांगलं. ८ किंवा १० मिमीचा नायलॉनचा रॉल प्लग, ज्याला बरेच जण गिट्टी म्हणतात, तो पुरतो, फक्त तो पूर्णच्या पूर्ण विटेत बसला पाहिजे.

शेवटपर्यंत करडी आणि ड्रिल रेंगाळत, कुरकुरत आत जातंय: काँक्रीट. कॉलम असेल किंवा आख्खी भिंतच काँक्रीटची ओतलेली असेल, आजकाल बऱ्याच इमारती तशा असतात. पकड सगळ्यात भारी, मेहनतही सगळ्यात जास्त. इथे लोखंडी अँकर बोल्टसुद्धा चालतो.

पांढरट भुकटी आणि बिट लोण्यात सुरी जावी तसं आत गेलं: एएसी ब्लॉक, तेच हलके ब्लॉक. इथे भले भले फसतात. या ब्लॉकमध्ये हवेचे बारीक बारीक बुडबुडे असतात, त्यामुळे फुगून पकड घेणारा लोखंडी अँकर जेवढा आवळाल तेवढा तो आतला ब्लॉक चिरडत जातो, आणि आपल्याला वाटतं घट्ट होतोय. एएसीसाठी वेगळे लांब, आटे किंवा पंख असलेले प्लग मिळतात ते घ्या, नाहीतर केमिकल अँकर, म्हणजे भोकात चिकट रसायन भरून त्यात बसवलेला बोल्ट.

थोडं आत गेल्यावर एकदम धसकन पोकळी लागली: पोकळ ब्लॉक किंवा जिप्सम. पोकळ ब्लॉकमध्ये जाळीची नळी घालून त्यात केमिकल अँकर भरतात, तो पोकळीत पसरून गाठ धरतो. जिप्सम बोर्डचं मात्र स्पष्ट सांगतो, साधारण १२.५ मिमीच्या बोर्डवर टेबल लटकवू नका, पाकिटावर कितीही किलोचा आकडा छापलेला असो. तो आकडा फ्रेमसारख्या सरळ खाली लोंबणाऱ्या वजनाचा असतो, टेबल भिंतीला बाहेर ओढतं. स्क्रू मागच्या उभ्या पट्ट्यांमध्येच गेले पाहिजेत, त्या साधारण ४० किंवा ६० सेमी अंतरावर असतात, लोखंडी असतील तर डिटेक्टर किंवा साधं लोहचुंबकही बोर्डचे स्क्रू शोधून देतं. पट्ट्या पातळ पत्र्याच्या असतील तर त्यांच्या भरवशावरही राहू नका, बोर्ड उघडून आतून प्लायचा आधार द्या. आणि घराचं काम चालू असेल तर जॅकपॉट: बोर्ड लावायच्या आधीच टेबलाच्या उंचीवर १८ मिमीची प्लायची पट्टी आत मारून घ्या. नंतर जन्मभर बरं वाटेल.

३) आत काय लपलंय

स्विचबोर्ड, सॉकेट, नळ यांच्या सरळ वर, सरळ खाली आणि आडव्या रेषेत वायर किंवा पाइप असणार असं धरूनच चाला. त्या रेषांपासून दोन्ही बाजूंना किमान १५ सेमी सोडा. डिटेक्टर फिरवा, पण ओल्या भिंतीवर डिटेक्टर उगाच जिकडे तिकडे ओरडतो, आणि पीव्हीसीचा पाण्याचा पाइप बऱ्याच डिटेक्टरना दिसतच नाही, म्हणून नकाशा आणि फोटो. ड्रिल करताना त्या खोलीचा एमसीबी (मुख्य बोर्डावरचा वीज तोडणारा स्विच) बंद करा आणि ड्रिलला वीज दुसऱ्या खोलीतून एक्स्टेंशन लावून घ्या.

४) उंची ठरवणं

बाजारात तयार टेबलं साधारण ७२ ते ७५ सेमी उंचीची असतात, पण आपण स्वतः बसवतोय तर स्वतःच्या मापाचं का नको? जी खुर्ची वापरणार तिच्यावर बसा, पावलं जमिनीला पूर्ण टेकलेली, खांदे सैल, कोपर काटकोनात, आणि कुणाला तरी जमिनीपासून कोपरापर्यंत मोजायला सांगा. फळीचा वरचा भाग तेवढ्यावर किंवा जरासा खाली. खुर्चीला हात असतील तर ते फळीखाली जातात का तेही आत्ताच बघा.

दोन सापळे. एक, फरशी बसायच्या आधी मोजमाप घेऊ नका, खालचा थर आणि फरशी मिळून कित्येक सेंटिमीटर वर येतात. दोन, आपण उंची मोजतो फळीच्या वरची आणि खूण करतो ब्रॅकेटची. फळीची जाडी वजा करायला विसरलात तर टेबल २५ मिमी वर जाईल, आणि ते रोज मनगटाला कळेल.

खोली, म्हणजे भिंतीपासून पुढे, लॅपटॉपसाठी ४५ ते ५० सेमी पुरते. वेगळा मॉनिटर असेल तर ६०. उगाच ७० करू नका, का ते पुढे येतंय.

५) फळी आणि ब्रॅकेट: थोडं गणित

गणित नावडतं असेल तरी एवढं वाचाच. समजा फळी भिंतीपासून ५० सेमी पुढे आहे आणि तुम्ही उठताना पुढच्या कडेवर ४० किलोचा जोर दिला. ब्रॅकेट खालच्या टोकावर टेकून पुढे कलायला बघतं आणि वरचा स्क्रू भिंतीतून बाहेर ओढला जातो. वरचा स्क्रू ब्रॅकेटच्या खालच्या टोकापासून २५ सेमी वर असेल तर त्यावर येणारी ओढ ४० गुणिले ५० भागिले २५, म्हणजे ८० किलो. तोच ब्रॅकेट छोटा घेतला, उभा पाय १२ सेमीचा, तर ओढ १६० किलोच्या वर जाते. जोर दोन ब्रॅकेटच्या बरोबर मधे दिला तर अर्धा अर्धा वाटला जातो, पण माणूस कोपऱ्यावर टेकूनच उठतो, तेव्हा जवळजवळ सगळा एकाच ब्रॅकेटवर.

म्हणून उभा पाय लांब असलेला ब्रॅकेट घ्या. आडवा पाय फळीच्या खोलीच्या दोन तृतीयांश तरी हवा. तिरका आधार असलेला ब्रॅकेट मजबूत, पण तो नेमका गुडघ्यात येतो, त्यामुळे जागा बघून.

फळी १२० सेमी लांब असेल तर माझं मत असं: दोन्ही टोकांपासून २० सेमी आत एकेक ब्रॅकेट, मधे ८० सेमी पायांना मोकळे, फळी २५ मिमीची, पुढच्या कडेखाली एक उभी लाकडी पट्टी म्हणजे मधे झोल येत नाही, आणि मागे भिंतीला लागून एक आडवी पट्टी, तीही भिंतीत स्क्रूने आवळलेली. १८ मिमीच्या एमडीएफची फळी ८० सेमीच्या गाळ्यात काही महिन्यांत मधे बसते, ती घेऊ नका. प्लाय किंवा ब्लॉकबोर्ड बरा. तिसरा मधला ब्रॅकेट लावणारेही आहेत, त्यांचे गुडघे त्यांना लखलाभ.

६) खुणा करणं

जमिनीपासून दोन ठिकाणी मोजून रेघ मारू नका! फरशीला उतार असू शकतो, नव्या घरातही. एकाच ठिकाणी मोजा, तिथून पाणसळ लावून आडवी रेघ मारा. पाणसळ खरी आहे का तेही तपासा: रेघ मारल्यावर ती उलटी फिरवून, डावं टोक उजवीकडे करून, त्याच रेघेवर ठेवा, बुडबुडा तेवढाच मधे आला तर खरी.

मग ब्रॅकेट रेघेला लावून धरा, उभा पाय ओळंब्यात आहे ना बघा आणि भोकांतून पेन्सिलीने खुणा करा. खुणेवर मास्किंग टेपचा फुलीसारखा तुकडा लावला की बिट घसरत नाही आणि रंगही उडत नाही. खूण भिंतीच्या मोकळ्या कडेपासून, म्हणजे दरवाजा-खिडकीच्या बाजूपासून, १० सेमी तरी आत हवी, नाहीतर कोपरा फुटतो.

७) भोक पाडणं

इथेच मी पहिल्यांदा माती खाल्ली होती. घरातल्या भिंतीचं प्लास्टर साधारण १२ ते १५ मिमी असतं, कधी भिंत वाकडी असली की ती सरळ करायला जास्तही चढवतात. हे १५ मिमी तुमचे नाहीत असं समजा. प्लग ५० मिमीचा असेल तर भोक १५ अधिक ५० अधिक धुळीसाठी १० म्हणजे ७५ मिमी खोल, आणि प्लग हातोडीने प्लास्टरच्या आत, विटेपर्यंत सरकवायचा. स्क्रूची लांबीही तशीच: ब्रॅकेटचा पत्रा, प्लास्टर, आख्खा प्लग, आणि वर थोडी, साधारण ७५ मिमी. ब्रॅकेटसोबत पाकिटात जे इवलेसे स्क्रू येतात ते सरळ बाजूला ठेवून द्या, फ्रेम लटकवायला होतील.

बिट प्लगच्याच मापाचं, ८ ला ८, १० ला १०. खोली कळायला बिटवर ७५ मिमीला टेपचा झेंडा गुंडाळा. सुरुवात हॅमर बंद ठेवून हळू करा, टोक बसलं की वीट-काँक्रीटला हॅमर चालू, एएसीला शेवटपर्यंत बंदच. ड्रिल भिंतीला काटकोनात, शेजारी उभ्या माणसाला बाजूने बघायला सांगा कारण आपल्याला स्वतःला तिरकं कळत नाही. खाली कागदाचं पाकीट उघडं करून टेपने चिकटवलं की अर्धी धूळ त्यात पडते.

काँक्रीटमध्ये बिट मधेच अडलं, धातूचा आवाज आला, ठिणगी दिसली तर ती आतली सळई. जोर लावू नका, सळई कापायची नाही. ब्रॅकेट दोन-तीन सेंटिमीटर सरकवा आणि नवीन भोक घ्या. विटेत बिट एकदम मऊ लागलं आणि वाळू पडली तर दोन विटांमधल्या सांध्यात गेलात, तिथली पकड कमी, तेही सरकवा.

भोकातली धूळ पंपाने काढा, तोंडाने फुंकलीत तर ती सरळ डोळ्यात येते. प्लग हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी गेला पाहिजे. बोटाने सहज गेला तर भोक मोठं झालंय, त्यात काड्या कोंबू नका, एक माप मोठा प्लग घ्या किंवा केमिकल अँकर. केमिकल भरलंत तर पाकिटावर लिहिलेला वेळ पूर्ण जाऊ द्या, तोपर्यंत बोल्टला हातही नाही.

८) ब्रॅकेट लावणं

आधी सगळे स्क्रू सैल लावा, पाणसळ परत लावून बघा, मग आवळा. आधी वरचे. भिंतीला खड्डा असेल आणि ब्रॅकेटमागे फट राहत असेल तर स्क्रू आवळून ती मिटवायला जाऊ नका, ब्रॅकेट तिरकं होतं. पातळ पाचर किंवा वॉशर घाला. दोन्ही ब्रॅकेट झाले की एक सरळ पट्टी दोघांवर आडवी ठेवून त्यावर पाणसळ. इथे २ मिमीचा फरक असेल तर आत्ताच काढा, फळी आल्यावर कुणी काढत नाही.

९) फळी बसवणं

फळीची मागची कड भिंतीला क्वचितच तंतोतंत लागते. फळी ठेवून बघा, जिथे टेकते तिथे खूण करून थोडं घासा. खालून स्क्रू मारताना लांबी मोजा, २५ मिमीच्या फळीला ब्रॅकेटच्या पत्र्यासकट २० मिमीचा स्क्रू, फार लांब मारला तर वरून टोक बाहेर येतं. (आलंय माझ्याकडे. त्या जागेवर मी माउसपॅड ठेवतो.) वायरींसाठी मागच्या बाजूला ६० मिमीचं गोल भोक फळी बसवायच्या आधी जमिनीवरच पाडून घ्या, आणि कापलेल्या सगळ्या कडांना पट्टी नाहीतर वॉर्निशचा हात, भोकाच्या आतल्या कडेलासुद्धा.

१०) वजन देऊन बघा

लगेच कॉम्प्युटर मांडू नका. प्रत्येक ब्रॅकेटच्या वरच्या आणि खालच्या टोकाला भिंतीवर बारीक पेन्सिलीची रेघ मारा. मग २० लिटरचा पाण्याचा कॅन फळीच्या पुढच्या कडेजवळ ठेवा, म्हणजे २० किलो झाले. तासाभराने दुसरा. एक रात्र राहू द्या, खाली कुणी बसू नका, लहान मुलं त्या खोलीत नकोत. सकाळी रेघा बघा आणि वरच्या टोकामागे कागद सरकतो का बघा. रेघ जागेवर आणि कागद जात नाही, तर झालं. कागद आत गेला तर तो स्क्रू काढून ७ नंबरपासून पुन्हा.

घडीचं टेबल लावणार असाल तर बहुतेक सगळं हेच, फक्त बिजागरी फळीच्या पूर्ण लांबीची घ्या, आणि साखळ्या किंवा तिरके आधार भिंतीत जिथे अडकतात ती भोकंही तेवढीच काळजीने पाडा, कारण घडीच्या टेबलात खरी ओढ तिथेच येते. घडी होताना बोट अडकेल अशी जागा कुठे आहे तेही एकदा बघून घ्या.

नव्या घरात लाकूड आणि भिंत पहिलं वर्षभर थोडं थोडं हलत, आक्रसत असतात. महिन्याने एकदा आणि पहिला पावसाळा संपल्यावर एकदा पाना घेऊन टेबलाखाली शिरा आणि स्क्रू तपासा, पेन्सिलीच्या रेघा पुसल्या नसतील तर त्याही बघा. मी त्या मुद्दाम पुसलेल्या नाहीत.